विवाहाची वेस

जयपूरच्या जुन्या तटबंद शहराला चारदीवारी म्हणतात. सवाई जयसिंहाने १७२७ मध्ये वसविलेल्या या नगरीच्या मध्यभागी राजवाडा आहे. १९४० मध्ये या राजघराण्याची सून होऊन आलेल्या गायत्रीदेवी या बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांच्या नात. राजघराण्यातील लग्न म्हटले की अंबारी आणि आहेर एवढेच डोळ्यांपुढे येते. परंतु गायत्रीदेवींची आजी, आई आणि त्या स्वतः यांचे विवाह कोठे व कोणत्या विधीने झाले हे पाहिले, म्हणजे लग्नाचे स्थळ ही केवळ सोयीची बाब नसून कायद्याचीही बाब आहे, हे ध्यानात येते.

पितृकुळातील आजी सुनीतिदेवी या ब्राह्म समाजाचे पुढारी केशवचंद्र सेन यांच्या कन्या. केशवचंद्रांच्याच खटपटीने १८७२ मध्ये ब्रिटिश हिंदुस्थानात नोंदणी विवाहाचा कायदा झाला. वधूचे वय किमान चौदा व वराचे अठरा असावे, दोघांपैकी कोणाचाही जोडीदार हयात नसावा, आणि आपण हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती आदी धर्मांचे अनुयायी नाही असे उभयतांनी लिहून द्यावे, अशा त्याच्या अटी होत्या. सहा वर्षांनी, १८७८ मध्ये, चौदा वर्षेही पुरी न झालेल्या सुनीतिदेवींचा विवाह कूचबिहारच्या नृपेंद्र नारायणांशी झाला. कूचबिहार हे संस्थान. तेथे तो कायदा लागू नव्हता. कायद्याची अडचण अशी टळली, पण लोकांचा रोष टळला नाही. त्याच वर्षी समाजात फूट पडून साधारण ब्राह्म समाज निराळा झाला.

सुनीतिदेवींचे पुत्र जितेंद्र नारायण आणि बडोद्याच्या राजकन्या इंदिराराजे यांची भेट १९११ च्या दिल्ली दरबारात झाली. इंदिराराजेंचा विवाह तेव्हा ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांशी ठरलेला होता, आणि माधवराव आधीच विवाहित होते. इंदिराराजेंनी स्वतः पत्र लिहून ते लग्न मोडले. आईवडिलांचा विरोध मावळेना. अखेर १९१३ मध्ये लंडनमध्ये नोंदणी पद्धतीने व ब्राह्म विधीने त्यांचा जितेंद्र नारायणांशी विवाह झाला. लंडन गाठण्याचे मूळ कारण घरचा विरोध हेच होते. तथापि तेथील कायद्याचे साह्यही मोठे होते. इंग्लंडमध्ये १८३६ च्या कायद्यापासून नोंदणी विवाहाची सोय होती, आणि त्यासाठी स्वतःचा धर्म नाकारण्याची गरज नव्हती.

यामागील तत्त्व साधे आहे. विवाहाचा विधी वैध की अवैध, हे सामान्यतः जेथे विवाह होतो तेथील कायदा ठरवितो. विवाह करण्याची पात्रता मात्र ज्याच्या त्याच्या कायमच्या वास्तव्याच्या देशाचा कायदा ठरवितो. म्हणून परदेशी लग्न लावणाऱ्याला दोन्हीकडचे कायदे पाहावे लागतात.

१९४० च्या मे महिन्यात कूचबिहार येथे गायत्रीदेवींचा विवाह जयपूरचे सवाई मानसिंह यांच्याशी हिंदू विधीने झाला. महाराजांच्या दोन राण्या हयात होत्या. ज्या आईने विवाहित वराला नकार दिला, तिची कन्या तिसरी राणी म्हणून चारदीवारीच्या वेशीतून आत आली. ब्रिटिश हिंदुस्थानातील नोंदणी कचेरीत हा विवाह लागूच शकला नसता; हिंदू विधीने तो वैध ठरला. पुढे १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने मात्र पहिला जोडीदार हयात असता केलेला विवाह निरर्थक ठरविला.

१९५४ च्या विशेष विवाह कायद्याने धर्म नाकारण्याची अट काढून टाकली. वधूवरांपैकी एकाचे त्या जिल्ह्यात तीस दिवसांचे वास्तव्य आणि तीस दिवसांची नोटीस एवढे मात्र आवश्यक ठरविले. १९६९ च्या परदेशी विवाह कायद्याने, दोघांपैकी एक भारतीय नागरिक असल्यास, परदेशातील भारतीय वकिलातीतील विवाह अधिकाऱ्यापुढे लग्न करण्याची सोय झाली. इंदिराराजेंना आपल्या निवडीसाठी घर आणि देश दोन्ही ओलांडावे लागले. आज त्याच वाटेने जाणाऱ्या वधूवरांच्या हाती निदान आपल्याच देशाचा कायदा आहे. मुहूर्त पाहण्यापूर्वी तो पाहून घ्यावा, एवढेच.