खुर्चीत बसून ऐकायचं रॉक: 'लेतो' आणि लेनिनग्राडची पोरं

ज्यांना कानात इयरफोन घालण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं, त्यांच्यासाठी हा भाग लिहून काढलाय. बोलतानाचे 'म्हणजे' आणि 'ॲक्चुअली' बरेचसे उडवलेत. राहिलेले चालवून घ्या.

आज बोलायचंय 'लेतो' या सिनेमाबद्दल. रशियन भाषेत लेतो म्हणजे उन्हाळा. २०१८ चा सिनेमा, दिग्दर्शक किरिल सेरेब्रेन्निकोव, बहुतेक सगळा ब्लॅक अँड व्हाइट. काळ १९८० च्या दशकाची सुरुवात, गाव लेनिनग्राड, म्हणजे आजचं सेंट पीटर्सबर्ग.

सुरुवातीलाच एक सीन आहे. काही मुली शिडी लावून, टॉयलेटच्या खिडकीतून एका हॉलमध्ये शिरतात. आत रॉक कॉन्सर्ट चालू आहे. स्टेजवर गिटार दणकतंय आणि समोर पब्लिक खुर्च्यांवर शिस्तीत बसलंय, शाळेच्या गॅदरिंगला मुख्याध्यापक पहिल्या रांगेत असल्यासारखं. उठायचं नाही, नाचायचं नाही. एक मुलगी कागदाचं बदाम वर धरते तर देखरेखीवाला माणूस येऊन तिला ते खाली घ्यायला लावतो.

हा विनोद नाहीये. हा हॉल खराच होता. रुबिन्श्टाइन रस्ता, १३ नंबर. ७ मार्च १९८१ ला इथे लेनिनग्राड रॉक क्लब सुरू झाला, सरकारी परवानगीनं आणि केजीबीच्या नजरेखाली. सरकारचा हिशेब सोपा होता. पोरं घराघरांत, तळघरांत जमून वाजवतातच, मग एका छपराखाली आणा, निदान कोण काय गातंय ते कळेल. (आमच्या भाषेत सांगायचं तर बंद करता येत नसलेल्या सर्व्हिसला लॉगिंग लावलं.) वाजवायच्या आधी गाण्याचे शब्द तपासायला द्यायचे, शिक्का मिळाला तरच स्टेज. सिनेमात या तपासणीचा झकास सीन आहे. रिकामटेकड्या तरुणाचं गाणं म्हणजे रिकामटेकडेपणावरची टीकाच आहे बघा, असं अधिकारी बाईंना पटवून दिलं जातं. कोड रिव्ह्यूमध्ये असले युक्तिवाद केलेल्यांना ओळखीचं वाटेल.

आता गोष्टीतली माणसं. माइक नाउमेन्को, जन्म १९५५, 'झूपार्क' या बँडचा म्होरक्या. इंग्रजी चांगलं, लू रीड आणि बॉब डिलन कोळून प्यायलेला, आणि ते सगळं रशियन बोलीत, रोजच्या रडगाण्यासकट आणणारा. दुसरा व्हिक्टर त्सोय, जन्म १९६२, वडील कोरियन वंशाचे, आई रशियन. आर्ट स्कूलमधून काढून टाकलेला. माइकला बायको, लहान मूल आणि नाव. त्सोयकडे गिटार आणि मोजकी गाणी. आणि तिसरी नताशा, माइकची बायको. सिनेमा तिच्याच आठवणींवर बेतलेला आहे.

यांची 'स्ट्रगल' नेमकी कसली, हे समजून घ्यायला हवं. आपल्याकडे स्ट्रगलर म्हटलं की पैसे नाहीत, भाडं थकलंय, कुणी चान्स देत नाही असं डोळ्यासमोर येतं. तिथे अडचण वेगळीच होती. रेकॉर्ड काढणारी कंपनी देशात एकच, सरकारी 'मेलोदिया'. तिनं नाही म्हटलं की संपलं, दुसरं दार नाहीच. आणि पूर्णवेळ गाणं करू म्हणावं तर सरकारदरबारी नोकरी नसणं हा गुन्हा. १९६४ मध्ये कवी जोसेफ ब्रॉडस्की याला याच 'ऐतखाऊपणा'च्या आरोपाखाली याच शहरात शिक्षा झाली होती. पुढे नोबेल मिळालं तोच ब्रॉडस्की. म्हणून ही पोरं कागदोपत्री रखवालदार, झाडूवाले, बॉयलरवाले. माइक रखवालदारी करायचा. त्सोय पुढे गाजल्यावरसुद्धा 'कामचात्का' नावाच्या बॉयलर घरात फावड्यानं कोळसा टाकत होता.

मग गाणी लोकांपर्यंत पोचली कशी? हा माझा सगळ्यात आवडता भाग, थोडा लांबवतो.

आंद्रेई त्रोपिल्लो नावाचा एक साउंड इंजिनिअर होता. तो सरकारी बालभवनात शाळकरी मुलांचा रेकॉर्डिंगचा वर्ग घ्यायचा. वर्गासाठी म्हणून त्यानं यंत्रं जमवली आणि त्यावर शहरातल्या बँडचे अल्बम रेकॉर्ड केले. त्सोयच्या 'किनो' बँडचा पहिला अल्बम '४५' १९८२ मध्ये तिथेच झाला. 'अक्वेरियम' बँडच्या बोरिस ग्रेबेनश्चिकोवनं तो घडवायला मदत केली. पुढचं सगळं हातोहात. स्पूल टेपवर प्रती काढायच्या, कव्हर म्हणून फोटो डेव्हलप करून खोक्यावर चिकटवायचा आणि ओळखीत वाटायचं. ज्याच्या घरी दोन टेपरेकॉर्डर तो पुढच्याला कॉपी करून देणार. प्रत्येक कॉपीला आवाज थोडा मरायचा, खरखर वाढायची. सायबेरियात पोचेपर्यंत काय शिल्लक राहत असेल! तरी पोचायचं. सर्व्हर नाही, मालक नाही, म्हणून बंद करायला बटणही नाही.

आणि हो, याच सुमारास, १९८४ मध्ये, सोव्हिएत थिएटरांत सरकारी मान्यतेनं एक सिनेमा लागला आणि त्याची सहा कोटींच्या आसपास तिकिटं विकली गेली. कुठला? मिथुनचा 'डिस्को डान्सर'! रस्त्यावरच्या गरीब गायकाची गोष्ट, गिटार, चमचमते कपडे, सगळं. मुंबईतला गरीब गायक पडद्यावर चालत होता. गल्लीतला मात्र शब्द तपासून, खुर्चीत बसलेल्या लोकांपुढेच.

आता प्रेमाकडे. सिनेमात नताशाला त्सोय आवडायला लागतो. ती लपवत नाही. नवऱ्यालाच येऊन सांगते की मला त्याचं चुंबन घ्यायचंय, घेऊ का? माइक हो म्हणतो. आपल्या सिनेमात इथे कानाखाली आवाज किंवा निदान ग्लास फुटण्याचा आवाज आला असता. इथे फक्त एक माणूस आतल्या आत गप्प होत जातो. काही फार घडतही नाही, आणि म्हणूनच ते जास्त लागतं.

पण हे खरं का? ग्रेबेनश्चिकोव, जो त्या काळात तिथेच होता, त्यानं पटकथा वाचून सांगितलं की हे पहिल्यापासून शेवटपर्यंत खोटं आहे. त्याच्या रागाला वजन आहे. १९८० मध्ये तिबिलिसीच्या फेस्टिव्हलमध्ये वाजवल्यावर त्याची नोकरी गेली, कोमसोमोलमधून हकालपट्टी झाली. आपली किंमत देऊन झाल्यावर कुणी त्या दिवसांवर देखणा उन्हाळा रंगवला तर त्रास होणारच. सिनेमालाही हे माहीत असावं. त्यात एक पात्र मध्येच कॅमेऱ्याकडे बघून सांगतं, हे असं घडलं नव्हतं. विशेषतः ट्रेन आणि ट्रॉलीबसमध्ये सगळे प्रवासी इंग्रजी रॉक गायला लागतात तेव्हा. मला हे प्रामाणिक वाटतं. नताशाच्या आठवणी खोट्या ठरवायचा हक्क तिच्याशिवाय कुणाला आहे असंही मला वाटत नाही. तिघांपैकी सांगायला तीच उरली.

दिग्दर्शकाचं काय झालं तेही ऐका. ऑगस्ट २०१७ मध्ये, शूटिंग चालू असतानाच, त्याला थिएटरच्या निधीत अफरातफर केल्याच्या आरोपाखाली पकडून मॉस्कोत नजरकैदेत ठेवलं. एडिटिंग त्यानं घरातच पूर्ण केलं, इंटरनेटशिवाय. मे २०१८ मध्ये कानच्या स्पर्धेत सिनेमा लागला तेव्हा कलाकार त्याच्या नावाची पाटी हातात धरून रेड कार्पेटवर चालले. २०२० मध्ये त्याला दोषी ठरवून स्थगित शिक्षा दिली गेली. शब्द तपासणाऱ्यांवरचा सिनेमा, आणि तो लागला तेव्हा बनवणारा घराबाहेर पडू शकत नव्हता.

त्सोयचं पुढचं बहुतेकांना माहीत असतं. १९८६ मध्ये जोआना स्टिंग्रे या अमेरिकन गायिकेनं टेप लपवून देशाबाहेर नेल्या आणि 'रेड वेव्ह' नावानं तिकडे रेकॉर्ड निघाली, त्यात किनोही होते. मग सिनेमे, मग जून १९९० मध्ये मॉस्कोचं भरलेलं लुझनिकी स्टेडियम. १५ ऑगस्ट १९९० ला लाटवियात कार अपघातात तो गेला. वय २८.

मला मात्र सिनेमा संपल्यावर माइकच आठवत राहतो. ज्यानं धाकट्याला हात दिला, ओळखी करून दिल्या, आणि मग तो आपल्या पुढे निघून जाताना बघितला. गुरूला शिष्य जड झाल्याच्या गोष्टी आपल्या गाण्याच्या जगात कमी नाहीत. पण त्या सहसा भांडणाच्या असतात. हा भांडला नाही. प्यायचा, वाजवायचा, हळूहळू मागे पडला. २७ ऑगस्ट १९९१ ला मेंदूतल्या रक्तस्रावानं गेला, वय ३६. आठवड्याभरापूर्वीच मॉस्कोतलं बंड फसलं होतं. दहा दिवसांनी, ६ सप्टेंबरला, लेनिनग्राडचं नाव अधिकृतपणे सेंट पीटर्सबर्ग झालं.

सिनेमा सबटायटल्ससह बघा. आधी माइकचा १९८० चा सोलो अल्बम ऐका, 'स्लादकाया एन' म्हणून शोधा, एका कठपुतळी थिएटरच्या स्टुडिओत रेकॉर्ड केलेला आहे. मग '४५'. खरखर असलेली कॉपी मिळाली तर तीच घ्या.