स्वेदाची साक्ष

भरतमुनींच्या नाट्यशास्त्रांत जे आठ सात्त्विक भाव सांगितले आहेत, त्यांत स्वेद आहे. क्रोध, भय, हर्ष, लज्जा, दुःख अशा नाना कारणांनीं घाम फुटतो, असें तेथें म्हटलें आहे. श्रमानें व उन्हानेंहि फुटतो, हें सांगण्यास ग्रंथकार विसरलेला नाहीं.

हाच घाम पुढें यंत्राच्या हातीं लागला. १८८८ सालीं फ्रान्समध्यें चार्ल्स फेरे यांना असें आढळलें कीं, त्वचेंतून क्षीण विद्युत्प्रवाह सोडला असतां, मन क्षुब्ध होतांच त्वचा त्या प्रवाहाला अधिक वाट देते. तळहाताच्या घर्मग्रंथी माणसाच्या इच्छेला जुमानीत नाहींत, हें त्याचें कारण. ओठ मिटून धरतां येतात. तळहात कोरडा ठेवतां येत नाहीं.

आठवणींच्या साठ्याशीं या शोधाचा सांधा जुळला तो शंभरावर वर्षांनीं. १९९८ सालीं अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स तंत्रशास्त्रसंस्थेंत जेनिफर हीली व रोझलिंड पिकार्ड यांनीं ‘स्टार्टलकॅम’ नांवाचा, अंगावर वागवावयाचा कॅमेरा सिद्ध केला. त्यांतील युक्ति मोठी मार्मिक होती. माणूस दचकल्यावर त्वचेचा इशारा उमटण्यास एकदोन सेकंद लागतात, आणि तोंवर प्रसंग निघून गेलेला असतो. म्हणून कॅमेरा सतत चित्रें टिपी व जुनीं पुसून टाकी. इशारा मिळाला कीं मागल्या क्षणांचीं चित्रें तेवढीं राखून बिनतारी मार्गानें दूरच्या संगणकाकडे पाठवी. माणसाची स्मृति तरी याहून निराळें काय करते? २०१२ सालीं मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनीं ‘अफेक्टऑरा’ या यंत्रणेंत चेहरा, आवाज व त्वचा यांवरून दिवसांच्या भावस्थितीचा पटच मांडला, आणि तो पाहून माणसें विसरलेल्या दिवसांची कथा पुन्हां सांगूं लागलीं.

परंतु त्वचा क्षोभाची मात्रा सांगते, त्याचें नांव सांगत नाहीं. आणि हें उणेपण केवळ त्वचेचेंच नव्हे. २०१४ च्या अखेरीस फेसबुकनें वर्षभरांतील निवडक छायाचित्रांचे संग्रह आपोआप रचून लोकांपुढें ठेवले. तेथें घामाऐवजीं लोकांच्या प्रतिसादाची साक्ष होती. अमेरिकेंतील एका पित्यासमोर, त्याच वर्षीं निवर्तलेल्या कन्येचा चेहरा नाचणाऱ्या आकृत्यांच्या आणि फुग्यांच्या चौकटींत येऊन उभा राहिला. निवड चुकली होती असें म्हणवत नाहीं. त्या वर्षांत त्याला याहून मोठें कांहींच घडलें नव्हतें. चुकली होती ती चौकट. कंपनीकडून क्षमायाचना झाली. २०१५ सालीं तिच्या अशाच एका सोयींत नकोशा तारखा व व्यक्ति वगळण्याची मुभा आली. ती यादी मात्र ज्याची त्यानेंच भरावयाची होती.