सीहॉक : डेकने घडविलेले विमान

लढाऊ विमानांचा इतिहास सांगताना वेग, उंची आणि तोफा यांचेच हिशेब मांडण्याची प्रथा आहे. नौदलाच्या विमानाला मात्र आणखी एक कठोर परीक्षक असतो. तो म्हणजे जहाजाचा डेक. वैनगंगेच्या काठी राहणाऱ्या माणसाला या परीक्षेची कल्पना सहजी यावयाची नाही. डोलणाऱ्या जहाजावर उतरताना वैमानिकाने विमानाच्या शेपटीखालचा आकडा डेकवर आडव्या ताणलेल्या तारेत अडकवावयाचा आणि काही क्षणांत थांबावयाचे. जहाज वाऱ्याच्या दिशेला तोंड करून वेगाने चालले असेल, तर विमानाचा डेकवर येण्याचा वेग तेवढा कमी होतो. वारा पडला आणि जहाजही मंद असले, की तेच उतरणे जिवावर बेतते.

ब्रिटिश नौदलाला हा धडा महागात पडला. प्रसिद्ध स्पिटफायर विमानाला आकडा बसवून त्याचे सीफायर करण्यात आले. १९४३ च्या सप्टेंबरात इटलीतील सालेर्नोच्या किनाऱ्यावर सैन्य उतरले, तेव्हा समुद्रावर वारा जवळजवळ नव्हता आणि विमानवाहू जहाजे लहान व संथ होती. सीफायरचे नाजूक पाय डेकवर मोडले. शत्रूने पाडली त्यापेक्षा कितीतरी अधिक विमाने उतरतानाच निकामी झाली.

हॉकर कंपनीच्या सिडनी कॅम या अभियंत्याची वाट निराळी होती. त्याच्या टायफूनपासून टेंपेस्ट निघाले. (हेच टेंपेस्ट भारतीय हवाई दलाने १९४७-४८ मध्ये काश्मीरच्या लढाईत वापरले.) टेंपेस्टच्या पंखांचा मधला भाग वगळून, वजन घटवून जे विमान सिद्ध झाले, त्याचा नाविक अवतार म्हणजे सीफ्युरी. त्याचे पहिले उड्डाण २१ फेब्रुवारी १९४५ रोजी झाले, आणि त्यामुळे महायुद्ध त्याच्या हातून निसटले. पुढे कोरियाच्या युद्धात त्याने नाव मिळविले. परंतु त्याच्या लांब नाकामुळे उतरण्याच्या ऐन वेळी वैमानिकाला समोरचा डेक नीट दिसत नसे.

जेट इंजिन आले आणि कॅमने हे नाकच काढून टाकले. इंजिन विमानाच्या पोटात गेले, वैमानिक पुढे टोकाला बसला. यात एक अडचण होती. झोताची नळी शेपटीपर्यंत लांब नेली, तर इंजिनाचा जोर वाया जातो. कॅमने नळी दुभागून तिची दोन तोंडे दोन्ही पंखांच्या मुळाशी काढली. त्यामुळे मागचा भाग रिकामा राहिला व तेथे इंधनाची टाकी मावली. या संपूर्ण वंशातील हीच युक्ती सर्वांत सुंदर म्हणावी लागेल. २ सप्टेंबर १९४७ रोजी हे विमान प्रथम उडाले. हवाई दलाने त्यात रस घेतला नाही. नौदलाने घेतला आणि त्याला सीहॉक हे नाव मिळाले.

पुढच्या प्रत्येक आवृत्तीत आधीच्या आवृत्तीची एकेक उणीव भरून निघत गेली. पहिलीत पंखांवरच्या झडपा वळविण्यास जड जात. दुसरीत त्यांना यंत्रबळाची जोड मिळाली. तिसरीचे पंख बाँब आणि जादा टाक्या वाहण्यासाठी मजबूत केले गेले. चौथी जमिनीवरील हल्ल्यासाठी झाली. आता ओझे वाढले आणि इंजिन अपुरे पडू लागले, म्हणून नीन इंजिनाचा अधिक जोरदार प्रकार बसवून तिसरीची पाचवी व चौथीची सहावी आवृत्ती करण्यात आली. चार तोफा मात्र पहिल्यापासून अखेरपर्यंत त्याच राहिल्या.

भारताने घेतली ती ही सहावी आवृत्ती. १९६० च्या जुलैत वेल्समधील ब्रॉडीच्या तळावर नौदलाचे ३०० क्रमांकाचे पथक उभे राहिले. ज्या जहाजासाठी ते होते, तेही महायुद्धाचेच अपत्य. १९४३ साली बांधावयास घेतलेले व १९४६ पासून अर्धवट पडून राहिलेले ‘हर्क्युलिस’ भारताने १९५७ मध्ये विकत घेतले, आणि ४ मार्च १९६१ रोजी बेलफास्टला ते ‘विक्रांत’ म्हणून नौदलात दाखल झाले. पोलादाला मँगनीज लागते, आणि बालाघाट भागाच्या खाणींतील मँगनीज कित्येक दशके विलायतेच्या भट्ट्यांना जात होते. तेव्हा समुद्र या जिल्ह्याला अगदीच परका नाही. १८ मे १९६१ रोजी लेफ्टनंट आर. एच. ताहिलियानी यांनी विक्रांतच्या डेकवर पहिले जेट विमान उतरविले. हे ताहिलियानी पुढे नौदलप्रमुख झाले.

१९६५ च्या युद्धात विक्रांत मुंबईला दुरुस्तीसाठी गोदीत होते. १९७१ साली तर जहाजाच्या चार बाष्पकांपैकी एक तडकलेले होते आणि वेगावर मर्यादा आली होती. विमानेही जुनी झाली होती. इतर देशांच्या नौदलांनी सीहॉक टाकून दिले होते. अशा जोडीला युद्धात पाठवावे काय, हा प्रश्न साधा नव्हता. सालेर्नोचा संथ जहाजांचा प्रसंग ज्यांना ठाऊक होता, त्यांना तर नव्हताच नव्हता.

विक्रांत बंगालच्या उपसागरात गेले. ४ डिसेंबरच्या सकाळी आठ सीहॉक विमानांनी कॉक्स बझारवर हल्ला केला. मग चित्तगाँगची पाळी आली. त्यानंतरच्या दिवसांत धावपट्ट्या, बंदरे व जहाजे यांवर मारा चालूच राहिला. पूर्वेकडे पाकिस्तानचे हवाई बळ थोडे होते व भारतीय हवाई दलाने डाक्क्याची धावपट्टी लवकरच निरुपयोगी केली, हे मान्य केलेच पाहिजे. पश्चिमेच्या आकाशात मिराजशी गाठ पडली असती, तर सीहॉकचा निभाव लागणे कठीण होते. परंतु येथे काम होते जमिनीवरच्या माऱ्याचे, आणि त्यासाठीच सहावी आवृत्ती घडली होती. मंदावलेल्या जहाजावरून ती विमाने पुन्हापुन्हा उडाली व परतली. युद्धात एकही सीहॉक गमावले गेले नाही. पथकाचे प्रमुख लेफ्टनंट कमांडर संतोषकुमार गुप्ता यांना महावीर चक्र मिळाले.

१६ डिसेंबर १९८३ रोजी गोव्यात दाबोळीच्या धावपट्टीवर सीहॅरियर विमाने आली आणि ३०० क्रमांकाच्या पथकाने सीहॉकचा निरोप घेतला. बोगमाळोच्या नौदल विमान संग्रहालयात आज एक सीहॉक उभे आहे. पंखांच्या मुळाशी झोताची ती दोन तोंडे तेथे जवळून पाहता येतात. त्याच्या जागी आलेल्या सीहॅरियरला तारेत आकडा अडकविण्याची गरजच उरली नव्हती. ते डेकवर सरळ वरून खाली उतरत असे.