पेंढ्यावरची अळमी आणि मी परत केलेले कागद

श्रावणात फोंड्याच्या बाजारात वारुळावरच्या अळमीचे वाटे लागतात. ती वाळवीच्या जिवावर उगवते, शेतात घेता येत नाही. पेंढ्यावर येते ती धिंगरी.

तिचा इतिहास फार जुना नाही. १९१७ साली जर्मनीत फाल्कने ती झाडांच्या बुंध्यांवर वाढवली. आपल्याकडे १९६२ मध्ये म्हैसूरच्या केंद्रीय खाद्य तंत्रज्ञान संशोधन संस्थेत झकिया बानो आणि श्रीवास्तव यांनी भाताच्या पेंढ्यावर घेतली. पेंढा भिजवायचा, गरम पाण्यातून काढून निथळवायचा, पिशवीत थराथराने बी पेरायचं. किलोभर सुक्या पेंढ्याला अर्धा किलो अळमी सहज मिळते.

हाच हिशेब १९८८ साली एका वहिनींनी माझ्या टेबलावर मांडला. कर्ज हवं होतं पाच हजार. मी बी.कॉम.वाला! कुजक्या पेंढ्यावर बुरशी, तारण काय, म्हणून कागद परत केले. (बटण अळमीसारखा इथे पेंढा कुजवावाच लागत नाही, हेही ठाऊक नव्हतं.)

वहिनींनी बांगडी मोडली, गोठ्याशेजारच्या खोलीत वीस पिशव्या टांगल्या. डिसेंबरात त्यांचा मुलगा शाखेत एक पुडी ठेवून गेला. घरी हिनं टोणाक केलं. आई म्हणाली, "वारुळावरच्या अळमीची चव नाही हो." आणि पुन्हा वाढून घेतलं.