फ्रेडरिक सँगर : दोन नोबेल, ६५ हजार संदर्भ आणि शेवटी बागकाम

कोरोनात नवा व्हेरिएंट आला की ‘जिनोम सिक्वेन्सिंग’ हा शब्द बातम्यांत यायचा. म्हणजे विषाणूची अनुवंशिक अक्षरं ओळीनं वाचणं. या कामाचा पाया घालणाऱ्यांत मोठं नाव इंग्लंडच्या फ्रेडरिक सँगर यांचं.

जन्म १९१८चा. केंब्रिजला त्यांनी गायीच्या इन्सुलिनमधले घटक कोणत्या क्रमानं जोडलेत ते शोधलं. त्यासाठी १९५८ ला रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. १९७७ ला त्यांनी सहकाऱ्यांसोबत डीएनए वाचायची पद्धत मांडली आणि १९८० ला दुसऱ्या नोबेलचे ते मानकरी ठरले.

शास्त्रज्ञ दुसऱ्याच्या कामाचा आधार घेतो, तेव्हा निबंधात त्याचं नाव लिहितो. यालाच संदर्भ म्हणतात. २०१४ मध्ये ‘नेचर’ने सर्वाधिक संदर्भ मिळालेल्या १०० निबंधांची यादी छापली. सँगर यांचा १९७७चा निबंध चौथा होता, संदर्भ ६५ हजारांवर. डीएनएची रचना सांगणारा वॉटसन-क्रिक यांचा गाजलेला निबंध मात्र शंभरातही नाही!

कारण साधं आहे. चांगलं अवजार गावभर फिरतं, तशी कामाची पद्धत सगळेच वापरतात. म्हणून संदर्भांच्या आकड्यावरून वापर किती झाला ते कळतं. शोध किती मोठा, ते त्यावरून ठरत नाही.

१९८३ ला निवृत्त होऊन सँगर बागकामात रमले. ‘सर’ म्हणवून घ्यायचं नव्हतं, म्हणून तो किताबही त्यांनी नाकारला. २०१३ मध्ये त्यांचं निधन झालं.