अवर्षणसहिष्णू बागवनस्पती (महाराष्ट्र)

अवर्षणसहिष्णू बागवनस्पती म्हणजे जमिनीत एकदा रुजल्यावर पाण्याच्या दीर्घ ताणातही तग धरणाऱ्या आणि घराभोवतीच्या बागेसाठी निवडल्या जाणाऱ्या वनस्पती. महाराष्ट्रात सह्याद्रीच्या पूर्वेकडील पर्जन्यछायेच्या प्रदेशात, उदा. सोलापूर, अहिल्यानगर, बीड हे जिल्हे आणि साताऱ्यातील माण व खटाव हे तालुके, येथे ही निवड विशेष महत्त्वाची ठरते. टंचाईच्या काळात येथील अनेक गावांना पिण्याचे पाणीही टँकरने पुरवावे लागते.

हवामान आणि निवड

हा प्रदेश कोरडा असला तरी वाळवंट नव्हे. वर्षाला साधारणपणे ५०० ते ७०० मिलिमीटर पाऊस पडतो. मात्र तो बहुतांशी जून ते ऑक्टोबर या काळात पडतो आणि उरलेले महिने जवळजवळ कोरडे जातात. त्यामुळे येथील झाडाला पावसाळ्यातील ओल आणि उन्हाळ्यातील ताण, दोन्ही सोसावे लागतात. रोपवाटिकेत ‘कमी पाण्याचे’ म्हणून मिळणारे अडेनियम आणि अनेक परदेशी निवडुंग पाणी धरून ठेवणाऱ्या काळ्या जमिनीत पावसाळ्यात मुळाशी कुजतात. त्यांना कुंडी किंवा मुरमाड, निचऱ्याची जागाच योग्य. याउलट माळरानावर आपोआप वाढणारा, पिवळ्या फुलांचा तरवड या ऋतुचक्राला सरावलेला असूनही बागांत क्वचितच दिसतो. सीताफळ, बोर, शेवगा, बहावा, आपटा आणि कडुनिंब हेही या हवामानात चांगले वाढतात.

अनुकूलन

पाणी वाचवण्याच्या पद्धती भिन्न असतात. कोरफड पर्णरंध्रे मुख्यतः रात्री उघडते, त्यामुळे बाष्पोत्सर्जन घटते. कण्हेरीची पर्णरंध्रे पानाच्या खालच्या बाजूस केसाळ खळग्यांत दडलेली असतात. चाफा पाने गाळून मांसल फांद्यांतील साठ्यावर कोरडा काळ काढतो. निष्पर्ण चाफा वाळला असे समजून त्याला भरपूर पाणी घातल्यास तो कुजण्याचा धोका असतो. मूळच्या दक्षिण अमेरिकेतील बोगनवेलीला तर थोडा ताण दिल्यावरच अधिक बहर येतो.

लागवड

ही झाडे लागवडीच्या दिवसापासून पाण्याविना जगतात, हा समज चुकीचा आहे. मुळे खोल जाईपर्यंत, म्हणजे पहिले एक-दोन उन्हाळे, त्यांना पाणी द्यावेच लागते. ते रोज थोडे देण्यापेक्षा काही दिवसांच्या अंतराने भरपूर दिल्यास मुळे खाली वाढतात. पावसाळ्याच्या प्रारंभी लागवड करून आळ्यात पालापाचोळ्याचे आच्छादन घालणे हितकारक असते. मोगऱ्यासारखी अधिक पाणी मागणारी झाडे न्हाणीघराजवळ एकत्र लावल्यास पाण्याची बचत होते.

मर्यादा

कण्हेर आणि बिट्टी (पिवळी कण्हेर) या विषारी असल्याने लहान मुले व जनावरे वावरतात तेथे त्या टाळाव्यात. घाणेरी आणि वेडी बाभूळ यांनाही पाणी कमी लागते. परंतु अमेरिका खंडांतून आलेल्या या वनस्पती आक्रमक आहेत. घाणेरीची फळे खाणारे पक्षी तिच्या बिया कुंपणापलीकडील शेतांत व गायरानांत नेतात.