चकतीभोवतीचे वर्तुळ आणि भिंतीवरचे घड्याळ

तापाने फणफणलेल्या रुग्णाचे रक्त काढून ते बाटलीत भरतात आणि 'कल्चर'साठी प्रयोगशाळेत पाठवतात. त्या क्षणापासून रुग्णाच्या घरची माणसे एकच प्रश्न विचारू लागतात : "रिपोर्ट आला का?" आपल्यापैकी कित्येकांनी हा प्रश्न कधी ना कधी विचारला असेल. उत्तर बहुधा "उद्या" किंवा "परवा" असे मिळते.

हा उशीर कोणाच्या आळसामुळे होत नाही. रक्तातले मोजके जीवाणू बाटलीत वाढून त्यांचा सुगावा लागायला बहुधा अर्धा ते एक दिवस जातो. मग ते बशीतल्या माध्यमावर पसरून त्यांच्या सुट्या वसाहती मिळवायच्या, यात दुसरा दिवस जातो. या वसाहतींची निरनिराळ्या प्रतिजैविकांशी गाठ घालून कोणते औषध चालते ते पाहायचे, हा तिसरा दिवस.

डॉक्टर मात्र तीन दिवस थांबू शकत नाहीत. २००६ मध्ये अमेरिका व कॅनडातील रुग्णांच्या नोंदींवरून केलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. जंतुसंसर्गाने रक्तदाब कोसळलेल्या रुग्णांमध्ये, पहिल्या सहा तासांत योग्य औषधाला होणाऱ्या प्रत्येक तासाच्या विलंबाबरोबर जगण्याचे प्रमाण सरासरी ७.६ टक्क्यांनी घटलेले आढळले. म्हणून डॉक्टर अनुभवावरून अंदाज बांधून औषध सुरू करतात. अंदाज चुकला तर रुग्णाच्या जिवावर बेतते. चूक नको म्हणून प्रत्येकाला सर्वांत व्यापक औषध दिले तर जीवाणूंमध्ये प्रतिरोध फैलावतो. २०१९ या एका वर्षात जगभरात सुमारे १२ लाख ७० हजार मृत्यू थेट अशा प्रतिरोधामुळे झाले, असा अंदाज २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. तेव्हा ही चाचणी लवकर व्हावी, ही ओढ साहजिक आहे. पण ती लवकर होण्याआधी ती सर्वत्र सारखी व्हावी लागली. तीच कथा येथे सांगायची आहे.

चरापासून चकतीपर्यंत

अलेक्झांडर फ्लेमिंग यांचा पेनिसिलिनवरचा १९२९ सालचा निबंध पाहिला तर त्यात या चाचणीचे मूळ सापडते. त्यांनी बशीतल्या घट्ट माध्यमात एक चर कापला, त्यात पेनिसिलिन असलेला द्रव मिसळलेले माध्यम भरले आणि चराला काटकोनात निरनिराळ्या जीवाणूंच्या रेघा ओढल्या. काही रेघा थेट चरापर्यंत वाढल्या, तर काही चरापासून दूरच थबकल्या. कोण दबतो आणि कोण दबत नाही, हे एकाच बशीत दिसले.

पुढे ऑक्सफर्डमध्ये नॉर्मन हीटली यांना पेनिसिलिनची ताकद मोजायची होती. जीवाणू पसरलेल्या बशीवर त्यांनी लहान नळकांडी उभी केली आणि त्यांत औषध भरले. नळकांड्याभोवती जीवाणू न वाढलेले जे स्वच्छ वर्तुळ उमटे, त्याच्या व्यासावरून औषधाची ताकद ठरवता येई. येथे जीवाणू ओळखीचा होता आणि औषधाची ताकद अज्ञात होती. हेच उलटे केले, म्हणजे औषधाची मात्रा ठरलेली ठेवली आणि जीवाणू रुग्णाचा घेतला, की रुग्णालयाला हवी ती चाचणी तयार होते. १९४० च्या दशकात नळकांड्यांच्या जागी औषधात भिजवलेल्या गाळणकागदाच्या चकत्या आल्या. त्या स्वस्त होत्या आणि एका बशीत अनेक मावत.

चाचणीची गरज तर औषधाच्या आधीच दिसली होती. ऑक्सफर्डच्या चमूने रुग्णाला पेनिसिलिन टोचून उपचार सुरू केले ते फेब्रुवारी १९४१ मध्ये. त्याआधी, डिसेंबर १९४० मध्येच एडवर्ड अब्राहम आणि अर्न्स्ट चेन यांनी पेनिसिलिनचा नाश करणारे विकर जीवाणूंमध्ये सापडल्याचे प्रसिद्ध केले होते.

प्रत्येकाची मोजपट्टी निराळी

१९५० च्या दशकात औषधे वाढली. आपल्याकडे पिंपरीच्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्समध्ये १९५५ साली पेनिसिलिनचे उत्पादन सुरू झाले. कोणते औषध द्यावे हा प्रश्न आता जगभर रोजचा झाला आणि चकत्यांची चाचणी रुग्णालयोरुग्णालयी पोहोचली. पण प्रत्येक प्रयोगशाळेचे माध्यम निराळे, थराची जाडी निराळी आणि चकतीतली मात्राही निराळी होती. चकतीभोवती जरासे वर्तुळ दिसले तरी 'संवेदनशील' असा शेरा मारणाऱ्या प्रयोगशाळाही होत्या. एकाच रुग्णाचा जीवाणू दोन ठिकाणी पाठवला तर दोन उत्तरे येण्याची शक्यता होती.

येथे थोडे थांबून हे वर्तुळ कसे बनते ते समजून घेऊ. चकतीतले औषध माध्यमात झिरपत बाहेर पसरते. चकतीजवळ त्याचे प्रमाण जास्त असते, दूर जावे तसे ते कमी होत जाते. त्याच वेळी जीवाणू दुप्पट, चौपट होत असतात. ही एक शर्यत आहे. औषध पुरेशा प्रमाणात पोहोचण्याआधीच जीवाणूंची गर्दी झाली असेल, तर तेथे ते जिंकतात. वर्तुळाची कड म्हणजे या शर्यतीची निकालरेषा होय. माध्यमाचा थर पातळ असेल तर औषध बाजूला अधिक दूर जाते आणि वर्तुळ मोठे होते. सुरुवातीलाच जीवाणू जास्त पेरले तर वर्तुळ लहान होते. मोठ्या रेणूंची औषधे संथ पसरतात, त्यामुळे त्यांचे वर्तुळ लहान असूनही ती गुणकारी असू शकतात. म्हणून दोन औषधांच्या वर्तुळांची सरळ तुलना करणे चुकीचे ठरते.

वर्गात यातला प्रसरणाचा भाग जीवाणूंशिवाय सहज दाखवता येईल. चायना ग्रास पाण्यात उकळून दोन सारख्या बशांत एक पातळ आणि एक जाड थर ओता. गाळणकागदाला पंचिंग मशीनने भोके पाडली की ज्या टिकल्या पडतात, त्या साधारण ६ मिलिमीटरच्या असतात. प्रयोगशाळेतली चकतीही तेवढीच असते. दोन्ही थरांवर शाईत भिजवलेली एकेक टिकली ठेवा आणि तासातासाला पट्टीने व्यास मोजा. जीवाणू मात्र वर्गात मुळीच वाढवू नयेत.

या गोंधळात शिस्त आणली सिएटलमधील विल्यम किर्बी, आल्फ्रेड बाउअर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. त्यांचा १९६६ सालचा निबंध जेमतेम चार पानांचा आहे. प्रत्येक औषधाची एकच ठरलेल्या मात्रेची चकती वापरायची, माध्यम एकच, पेरणी ठरलेली, आणि वर्तुळ आहे की नाही एवढेच न पाहता त्याचा व्यास मिलिमीटरमध्ये मोजून तक्त्याशी ताडायचा, असे त्यांनी सांगितले.

त्यांनी निवडलेल्या माध्यमाचीही एक गोष्ट आहे. हार्वर्डमधील जॉन म्यूलर आणि त्यांच्या प्रयोगशाळेतील तरुण सहकारी जेन हिंटन यांनी ते १९४१ मध्ये परमा आणि मेंदूज्वराचे जीवाणू वाढवण्यासाठी बनवले होते. जेन हिंटन पुढे, १९४९ मध्ये, पशुवैद्यक झाल्या. ही पदवी मिळवणाऱ्या पहिल्या दोन कृष्णवर्णीय अमेरिकन स्त्रियांपैकी त्या एक होत्या. पेरणीचे माप त्याहून जुने आहे. जोसेफ मॅकफारलंड यांनी १९०७ मध्ये बेरियम सल्फेटच्या गढूळ द्रवाशी जीवाणूंच्या द्रवाचा गढूळपणा ताडून पाहण्याची युक्ती सुचवली होती. आजही या चाचणीसाठी त्यातले अर्ध्या क्रमांकाचे माप घेतात. त्यात एका मिलिलिटरला सुमारे १५ कोटी जीवाणू असतात.

१९७१ मध्ये हान्स एरिक्सन आणि जॉन शेरिस यांनी अनेक देशांतील प्रयोगशाळांच्या सहकार्याने झालेल्या अभ्यासाचा अहवाल मांडला, आणि प्रमाणित पद्धतीचा पाया पक्का झाला.

रात्रभर का थांबायचे?

या पद्धतीत बशी ३५ अंश सेल्सिअसला १६ ते १८ तास ठेवतात. संध्याकाळी ठेवलेली बशी सकाळी वाचायची, हे माणसांच्या सोयीचेही होते. पण वर सांगितलेल्या शर्यतीचा निकाल पहिल्या काही तासांतच लागलेला असतो, हे १९५० च्या दशकातच उमगले होते. कड कोठे पडणार हे ठरून गेलेले असते. ती डोळ्यांना दिसण्याइतकी वाढ व्हायला मात्र वेळ लागतो. तातडीच्या रुग्णांसाठी बशी लवकर वाचता येईल का, याचे प्रयोग आर्थर बॅरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध केले.

दुसरी वाट यंत्रांची होती. अंतराळयानातील जीवाणू ओळखण्यासाठी अमेरिकेच्या नासा संस्थेच्या पैशातून जे उपकरण विकसित झाले, त्यातून पुढे 'व्हायटेक' हे यंत्र निघाले. लहान कप्प्यांतल्या द्रवाचा गढूळपणा ते प्रकाशाच्या मदतीने वारंवार मोजते. पण अशा यंत्रांना सामान्यतः सुट्या वसाहती लागतात, म्हणजे मधला दिवस वाचत नाही.

तो दिवस वाचवला पुन्हा चकतीनेच. प्रतिजैविक चाचण्यांची प्रमाणे ठरवणाऱ्या युरोपीय समितीने नोव्हेंबर २०१८ मध्ये एक शीघ्र पद्धत जाहीर केली. रक्ताच्या बाटलीत वाढ झाल्याचा इशारा यंत्राने दिला, की त्यातले दोन-तीन थेंब तसेच बशीवर पसरायचे, चकत्या ठेवायच्या आणि ४, ६ व ८ तासांनी वर्तुळे मोजायची. येथे गढूळपणा जुळवावा लागत नाही, कारण बाटली इशारा देते तोवर जीवाणूंची संख्या बऱ्यापैकी ठरावीक टप्प्यात आलेली असते. चौथ्या तासाला वाढ इतकी पुसट असते, की झाकण काढून, बशी उजेडात तिरकी धरून कड शोधावी लागते. म्हणून दर वेळेसाठी आणि दर जीवाणूसाठी व्यासाच्या मर्यादा वेगळ्या ठरवल्या आहेत. मधल्या शंकास्पद पट्ट्यात वर्तुळ आले तर उत्तर द्यायचे नाही, बशी पुन्हा आत ठेवायची. या पद्धतीची पडताळणी ५५ युरोपीय प्रयोगशाळांत झाली आणि तिचे निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. एवढ्या ठिकाणची उत्तरे एकमेकांशी ताडता आली, ती १९६६ च्या शिस्तीमुळेच.

निकाल लागला, पण पोहोचला का?

ही पद्धत स्वीकारणे म्हणजे चार तासांनी बशी उघडणे एवढेच नाही. मर्यादा जीवाणूगणिक वेगळ्या असल्याने त्याच दिवशी जीवाणू ओळखावा लागतो. त्यासाठीचे जलद यंत्र महाग आहे आणि लहान रुग्णालयांना परवडत नाही. दुसरी अडचण वेळापत्रकाची. आम्ही ज्या प्रयोगशाळेत शिकलो तेथे दुपारी चारनंतर बशी ठेवण्याची पद्धत नव्हती. पाच वाजता इशारा देणारी बाटली सकाळपर्यंत तशीच राही. अशा ठिकाणी चार तासांची पद्धत आणली, तरी रात्रीचे पंधरा तास जायचे ते जातातच.

आणि बशी वाचल्यावर तो आकडा कोणाला कळवायचा? कागद फायलीत लागून सकाळच्या फेरीपर्यंत वाट पाहत राहिला, तर वाचवलेले तास तेथेच संपतात. अमेरिकेत रक्तसंसर्गाच्या रुग्णांवर शीघ्र चाचणीची तुलनात्मक पाहणी झाली. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांनुसार, शीघ्र चाचणी झालेल्या गटात औषधांचे बदल लवकर झाले, पण मृत्यूच्या प्रमाणात फरक दिसला नाही. हे निराशाजनक वाटेल, पण प्रामाणिकपणे पाहायला हवे. दोन्ही गटांत तज्ज्ञांचा सल्ला मिळत होता आणि सुरुवातीचा अंदाज बरोबर असेल तर जलद उत्तराने जीव वाचण्याचा प्रश्नच येत नाही. जेथे प्रतिरोध जास्त आहे आणि अंदाज वारंवार चुकतो, तेथे या तासांचे मोल अधिक असणार. भारत त्यात मोडतो. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने २०१३ मध्ये रुग्णालयांतील प्रतिरोधाच्या नोंदींचे जाळे उभारले, ते याच काळजीपोटी.

चकत्या, बशा, उबवणपेटी आणि मोजपट्टी आपल्या जिल्ह्याच्या ठिकाणीही मिळतात. युरोपीय समितीचे तक्तेही विनामूल्य उपलब्ध आहेत. उरतात ती माणसे : संध्याकाळी पाचला बाटली उघडणारा तंत्रज्ञ, रात्री नऊला बशी तिरकी धरून पुसट कड शोधणारा त्याचा सहकारी, आणि त्याचा फोन उचलून लगेच औषध बदलणारा वॉर्डातला डॉक्टर. या तिघांच्या पाळ्या जुळल्या, तर "रिपोर्ट आला का?" याचे उत्तर पुष्कळदा त्याच रात्री देता येईल.